सकळ लिपी ते मोबाईलचा निरोप

मोबाईलवर एखाद्याशी प्रथमच व्हॉट्सअ‍ॅपने बोलणे सुरू केले म्हणजे पडद्याच्या वरच्या बाजूस एक लहानशी सूचना दिसते. सूचनेशेजारी इवलेसे कुलूप असते. तुमचे निरोप 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड' आहेत, म्हणजे तुमच्याखेरीज आणि ज्याला ते पाठविता त्याच्याखेरीज कोणालाही, खुद्द व्हॉट्सअ‍ॅपलाही, ते वाचता येणार नाहीत, असा तिचा मतलब. बहुतेक जण ती न वाचताच पुढे सरकतात. त्यात नवल नाही. रेल्वेच्या तिकिटामागचा मजकूर तरी कोण वाचतो? परंतु त्या चार ओळींत जी गोष्ट सांगितली आहे तिचा एक फार जुना नमुना आपल्या वऱ्हाडाच्या मातीत होऊन गेला, आणि तो जगापुढे मांडण्याच्या कामात आपल्या यवतमाळचाही हात आहे. आज त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे.

आधी गुप्ततेच्या पायऱ्या पाहू. पोस्टकार्डाला गुप्तता मुळीच नाही. ते ज्याच्या हाती पडेल तो वाचील. आपल्या खेड्यांत तर एके काळी पोस्टमननेच ते मोठ्याने वाचून दाखवावे अशी वहिवाट होती, आणि लग्न जुळल्याची बातमी घरच्यांच्या आधी पारावर पोचायची. बंद पाकीट ही दुसरी पायरी. पण पाकीट वाफेवर धरून उघडता येते, आणि सरकारच्या मनात आले तर वाफेचीही गरज नाही. १८८५ चा तारेचा कायदा आणि १८९८ चा पोस्टाचा कायदा यांनी इंग्रज सरकारने तार व टपाल अडविण्याचा अधिकार कागदोपत्री आपल्या हाती घेतला. २०२३ साली या दोन्हींच्या जागी नवे कायदे संमत झाले, पण अडविण्याचा अधिकार त्यांतही कायम राहिला. तिसरी पायरी निराळीच आहे. तिच्यात पत्र उघडेच असते, वाहून नेणारा ते हवे तितके न्याहाळू शकतो, मात्र त्याला अर्थ लागत नाही. अर्थ लागतो तो फक्त दोन टोकांवर, लिहिणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याला.

हा खेळ तुम्ही-आम्ही सर्वांनी लहानपणी खेळलेला आहे. 'च'ची भाषा आठवा. शब्दातले पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'पाणी' म्हणायचे असेल तर 'चणीपा'. मोठ्या माणसांसमोर पोरे अशी बोलायची आणि आपण फार गुप्त बोलतो आहोत अशी त्यांची समजूत असायची. मौज अशी की मोठी माणसेही लहानपणी तेच बोललेली असायची! किल्ली सगळ्या गावाला ठाऊक असली म्हणजे कुलूप शोभेपुरते.

पण ही गोष्ट पोरखेळाची राहत नाही, ती कोणाच्या जिवाभावाची होते. तशी ती महानुभाव पंथाची झाली.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी मराठी मुलखात हिंडून आपला विचार सांगितला तो लोकांच्या बोलीत. ते निघून गेल्यावर म्हाइंभट्टांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला 'लीळाचरित्र' सिद्ध केले. रिद्धपूर हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, मोर्शी तालुक्यातले गाव. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. पंथाचे आचार्य नागदेव यांची एक आठवण अशी सांगतात की संस्कृतात लिहू इच्छिणाऱ्या विद्वान शिष्याला त्यांनी थांबविले, कारण तसे लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. एवढा ज्यांचा लोकभाषेचा आग्रह, त्यांचेच ग्रंथ पुढे अशा लिपीत गेले की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला त्यातले अक्षर लागेना. इतिहासात असे उलटे वळण पुष्कळदा दिसते. पण हे वळण का आले ते समजून घेतले पाहिजे.

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे यादवराज्य खिळखिळे झाले आणि १३१८ पर्यंत ते संपले. स्वाऱ्यांच्या धामधुमीत महानुभावांच्या पोथ्या लुटीत गेल्या. लीळाचरित्राची मूळ प्रतही त्यातच नाहीशी झाली. मग ज्यांना ते तोंडपाठ होते त्यांच्या स्मरणातून पुन्हा लिहून काढावे लागले. त्यामुळे लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ झाले. त्यांपैकी एक हिराइसा नावाच्या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. (नागदेवाचार्यांच्या त्या म्हाताऱ्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.) एकदा असे हातचे गेलेले माणूस पुढे जपून राहते. आपला ग्रंथ परक्याच्या हाती पडला तरी त्याची विटंबना होऊ नये, अनधिकाऱ्याने तो वाचू नये आणि त्यात कोणी भर घालू नये, ही काळजी त्यामागे असावी. रवळोबास या महानुभाव ग्रंथकाराने १३५३ च्या सुमारास सकळ लिपी रचली असे मानतात. 'सह्याद्रिवर्णन' हा त्यांचा ग्रंथ पंथात मोठ्या मानाचा. सकळ लिपीच्या मागोमाग सुंदरी, पारमांडल्य, अंक, वज्र अशा आणखीही लिप्या निघाल्या. निरनिराळ्या शाखांनी आपापल्या लिप्या जपल्या, पण सर्वांत अधिक चालली ती सकळ.

तिची रीत ऐकायला सोपी आहे. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर अथवा चिन्ह लिहायचे, शिवाय काही शब्दांची संक्षिप्त रूपे वापरायची. उदाहरणासाठी मी एक बनावट रीत घेतो, ही सकळ लिपी नव्हे बरे का. प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतले पुढचे व्यंजन लिहायचे असे ठरवू. 'क'चा 'ख', 'म'चा 'य', 'ल'चा 'व'. म्हणजे 'कमल'चे झाले 'खयव'. हे 'खयव' वाचून कोणाला फूल दिसेल? ज्याच्याजवळ अदलाबदलीचा तक्ता आहे त्यालाच. हा तक्ता म्हणजे किल्ली. ती गुरूने शिष्याला द्यायची, आणि शिष्य अनुसरल्यानंतर, म्हणजे पंथाची दीक्षा घेतल्यानंतरच द्यायची. तक्ता पोथीसोबत धाडला तर मग लिपीचा उपयोग काय?

ही व्यवस्था किती दूरवर चालली पाहा. महानुभाव पंजाबात गेले. तेथे त्यांना जयकृष्णी म्हणतात. पुढे पेशावर, काबूलपर्यंत त्यांचे मठ झाले, आणि तेथेही धर्मग्रंथांची भाषा मराठीच राहिली. वऱ्हाडातली पोथी शेकडो कोस प्रवास करून जायची. वाटेत नाकेदार भेटे, धर्मशाळेचा रखवालदार भेटे, लुटारूही भेटे. पोथी कोणाच्याही हाती पडली तरी ती मुकीच. वाचा फुटायची ती मठात पोचल्यावर. मोबाईलवरच्या त्या कुलपाला 'टोकापासून टोकापर्यंत' म्हणतात ते याच अर्थाने.

मात्र गुप्ततेची किंमत मोजावी लागते, आणि महानुभावांनी ती जबर मोजली. जे वाचता येत नाही त्यात काहीतरी वाईटच असणार असे लोक धरून चालतात. त्यांच्या ग्रंथांत काय आहे याविषयी नाही नाही त्या वदंता उठल्या. त्या इतक्या मुरल्या की भाषेतच जाऊन बसल्या. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. 'मानभावीपणा' हा शब्द आपण ढोंगासाठी सर्रास वापरतो, आणि तो एका पंथाच्या नावावरून, त्या पंथाचा एक ग्रंथही न वाचता बनला आहे, याची आपल्याला जाणीव नसते. लीळाचरित्र ज्यांनी उघडून पाहिले त्यांना त्यात सापडले ते चक्रधरांचे बोलणे, त्यांचे चालणे, माणसांवरची आणि मुक्या प्राण्यांवरची त्यांची माया. त्यात लपविण्यासारखे काय होते? लपविले होते ते पाप म्हणून नव्हे, जीव की प्राण म्हणून. हा फरक बाहेरच्याला कुलूप पाहून कळत नाही, आणि आजच्या वादातही तो पुष्कळांना कळत नाही.

कुलूप उघडले विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी महानुभाव वाङ्मय वाचकांपुढे आणले. पंथातल्या काही महंतांनीही काळ ओळखून पोथ्या दाखविल्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आणि मग येते आपले यवतमाळ. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी येथे शारदाश्रम या संस्थेच्या द्वारे जुन्या पोथ्या-कागदपत्रांचा संग्रह आणि अभ्यास चालविला. १९२५ साली त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक निघाले. विद्यापीठांच्या शहरापासून दूर, कापसाच्या या गावात बसून एका माणसाने शेकडो वर्षे मुक्या राहिलेल्या ग्रंथांची दप्तरे लावली, ही गोष्ट आमच्या महाविद्यालयातल्या पोरांना मी दरवर्षी सांगतो. पुढे नागपूरच्या हरिनारायण नेने यांनी लीळाचरित्र छापून काढले, आणि १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत प्रसिद्ध झाली.

सकळ लिपी उकलली जाऊ शकली, कारण तिच्यात एक उपजत कच्चा दुवा होता. अक्षरे बदलली तरी भाषेच्या खोडी बदलत नाहीत. मराठीत काना सर्वांत अधिक वेळा येतो, काही अक्षरे घडीघडी येतात, काही क्वचित. मजकूर भरपूर असला आणि चिन्हे मोजण्याची चिकाटी असली की बुरखा सरकू लागतो. बगदादच्या अल-किंदी या पंडिताने नवव्या शतकातच ही मोजणीची युक्ती लिहून ठेवली होती. दुसरी गोष्ट, किल्ली एकच आणि ती शतकानुशतके तीच. एक पोथी उघडली की त्या लिपीतल्या सगळ्या उघडल्या. इतिहासकाराचे भाग्य ते गुपित राखणाऱ्याचे दुर्भाग्य!

आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती जगातल्या सर्व गुप्त लिप्यांची होती. किल्ली द्यायला समोरासमोर भेटलेच पाहिजे. गुरू-शिष्य भेटत होते. पण यवतमाळचा कापूस-व्यापारी आणि मुंबईचा दलाल कधी भेटलेच नसतील तर? वाटेतल्या पोस्टमनच्या देखत, उघड्यावर बोलून, फक्त दोघांनाच कळेल असे गुपित त्यांना ठरविता येईल काय? हे अशक्य आहे असेच पिढ्यान्‌पिढ्या मानले जात होते. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी ते शक्य असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती इतकी सुंदर आहे की थोडे गणित करूनच पाहू. घाबरू नका, गणित चौथीचे आहे.

दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरविले, ११ आणि २. नियम एवढाच की उत्तर मोठे आले तर ११ ने भागायचे आणि बाकी धरायची. व्यापाऱ्याने मनात ३ धरले. २ हा आकडा त्याने तीनदा घेऊन गुणला, २ × २ × २, उत्तर ८. ते त्याने ओरडून सांगितले. दलालाने मनात ४ धरले. २ चारदा घेऊन गुणला, १६, अकराने भागून बाकी ५. त्यानेही ५ ओरडून सांगितले. आता व्यापारी दलालाचे ५ आपल्या मनातल्या आकड्याइतके, म्हणजे तीनदा, घेऊन गुणतो. १२५, अकराने भागून बाकी ४. दलाल व्यापाऱ्याचे ८ चारदा घेऊन गुणतो. ४०९६, अकराने भागून बाकी ४. दोघांच्या हाती ४ आला, आणि तो कोणीच उच्चारला नाही! पोस्टमनने ऐकले ११, २, ८ आणि ५. आमचे आकडे लहान असल्याने तो बोटांवर मोजून गुपित काढील. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये याच तत्त्वाचे, जरा निराळ्या गणिताचे जे आकडे चालतात ते सुमारे ७७ अंकी असतात. तेथे आजची यंत्रेही उलट मोजणी करू शकत नाहीत.

ही विद्या सामान्य माणसाच्या खिशात यायला चाळीस वर्षे लागली. १९९१ साली फिल झिमरमन याने पत्रांसाठी 'पीजीपी' नावाची सोय केली, पण ती जाणत्यांपुरती राहिली. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली निघाले आणि पहिली काही वर्षे त्यावरचे निरोप पोस्टकार्डासारखे उघडेच जात. पुढे मॉक्सी मार्लिनस्पाईक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी रचलेली 'सिग्नल'ची पद्धत त्यांनी घेतली, आणि ५ एप्रिल २०१६ रोजी सर्व निरोपांना कुलूप लागल्याचे जाहीर केले. या पद्धतीत किल्ली एकच राहत नाही, निरोपागणिक बदलत जाते. सकळ लिपीची ती दुसरी खोड येथे काढून टाकली आहे. एक निरोप फुटला म्हणून मागचे सगळे फुटत नाहीत. मात्र पाकिटावरचा पत्ता झाकला जात नाही. कोणी कोणाला केव्हा निरोप धाडला ही नोंद कंपनीला दिसू शकते.

आता वादाकडे येऊ. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत हिंडणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी आवई मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही असे बंधन आणण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की न्यायालयाने वा अधिकृत यंत्रणेने विचारल्यास निरोप मुळात कोणी धाडला ते सांगता आले पाहिजे. मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने तेथे सांगितले की कुलूप तोडायला लावले तर आम्हाला येथून जावे लागेल. याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिलेला होताच.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. राईनपाड्याच्या त्या पाच घरांसमोर उभे राहून तसे म्हणवणारही नाही. पण मला असे दिसते की तिसरी किल्ली केली म्हणजे ती चांगल्याच हाती राहील याची हमी कोणाजवळ नाही. इंग्रजांनी तार-टपाल अडविण्याचा अधिकार घेतला तोही सार्वजनिक सुरक्षिततेच्याच नावाने, आणि वापरला कोणावर ते आपण जाणतो. शिवाय राईनपाड्याला जी आवई पसरली ती गुपित नव्हती. ती शेकडो हातांत उघडीच होती. दोष शोधायचा तर तो टोकावर सापडतो, ज्याने न पाहता पुढे ढकलली त्याच्या बोटात.

चोरही हे ओळखून आहेत. २०१९ साली 'पेगॅसस' या हेरगिरीच्या यंत्रणेने जगभरात सुमारे १,४०० फोनांत शिरकाव करण्याचा प्रयत्न केल्याचे उघड झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपने ती बनविणाऱ्या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. त्या प्रकरणात वाटेवरचे कुलूप कोणी तोडले नव्हते. फोनमध्येच शिरले म्हणजे कुलपाचा प्रश्नच उरत नाही. मठात शिरलेल्या चोराला लिपी आडवी येत नाही, जर तेथे कोणी पोथी मोठ्याने वाचीत बसला असेल तर.

इतिहासाच्या मास्तराला आणखी एक चिंता लागते. सकळ लिपीतली पोथी आजही एखाद्या मठात वा संग्रहात मिळाली तर तक्ता घेऊन बसावे, काही दिवसांत ती वाचता येते. आजच्या शेतकऱ्याने मुलाला धाडलेला निरोप, पेरणी उलटल्याचा, कर्जाचा, बहिणीच्या लग्नाचा, त्याचा फोन विहिरीत पडला आणि प्रत ठेवलेली नसली की कायमचा गेला. पुढच्या शतकातल्या राजवाड्यांना तो मोजून उकलता येणार नाही. ज्याला आपल्या घरची पत्रे राखायची असतील त्याने ती उतरवून ठेवावीत. ऑक्टोबर २०२१ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साठविलेल्या प्रतीलाही कुलूप लावण्याची सोय आहे, पण ते आपणहून लावावे लागते, आणि त्याची किल्ली विसरली तर कंपनीही ते उघडून देऊ शकत नाही.

एक गोष्ट राहिलीच. व्यापारी आणि दलाल यांच्या हिशेबात एक भोक आहे, चाणाक्ष वाचकांच्या ते ध्यानात आले असेल. ओरडून आकडा सांगणारा खरोखर दलालच आहे कशावरून? मधला पोस्टमनच दोघांशी सोंग घेऊन बोलत असेल तर? यावर गणितात आजवर फुकटचा उपाय नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' या नावाखाली ६० अंक दडवून ठेवलेले असतात. दोघांच्या फोनवर ते सारखेच दिसले पाहिजेत. ते पडताळायचे कसे? दोघांनी एकमेकांना भेटायचे, फोन शेजारी शेजारी धरायचे आणि अंक जुळवायचे. बाजारच्या दिवशी भाऊ किंवा जावई यवतमाळला आला की चहाच्या कपाबरोबर हे दोन मिनिटांत होते.